निलंबनाने लस सुरक्षित होत नाही

यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यात कापसी-कोपरी नावाचे गाव आहे. ३१ जानेवारी २०२१, रविवार, हा तेथे पोलिओच्या डोसाचा दिवस होता. भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कक्षेतील त्या गावात आया आपापली लेकरे कडेवर घेऊन बूथवर आल्या, आणि पाच वर्षांखालील बारा बालकांच्या तोंडात पोलिओ लसीऐवजी हात निर्जंतुक करण्याच्या सॅनिटायझरचे थेंब पडले. एका बालकाला उलटी झाली, ते अस्वस्थ झाले, चूक उघडकीस आली आणि बाराही बालकांना यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हलवण्यात आले. सुदैवाने सर्व बालके बचावली. दोन दिवस देशभरच्या वृत्तपत्रांत यवतमाळचे नाव गाजले, तिघा कर्मचाऱ्यांच्या निलंबनाची घोषणा झाली, चौकशीचे आदेश निघाले आणि वृत्तपत्रांपुरते तरी प्रकरण मिटले.

त्या घटनेची आठवण वणीच्या कार्यकर्त्यांना आज करून देण्यामागे कारण आहे. घाटंजी आणि वणी हे एकाच जिल्ह्याचे तालुके. दोन्हीकडची उपकेंद्रे एकाच जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग चालवतो. शीतपेट्या त्याच तऱ्हेच्या, टेबले त्याच तऱ्हेची, आणि तुटपुंज्या मोबदल्यावर राबणाऱ्या स्त्रियाही त्याच परिस्थितीतल्या. जे कापसी-कोपरीत घडले ते कायर किंवा शिरपूरच्या बाजूला, मारेगावात किंवा झरी-जामणीत घडणारच नाही, असे छातीठोकपणे कोण सांगू शकेल? तेव्हा प्रश्न तिघांच्या नोकरीपेक्षा मोठा आहे. खेड्यातील लसीकरणाचे सत्र सुरक्षित कशाने होते, हा तो प्रश्न. चुकणाऱ्या माणसाला शिक्षा केल्याने, की माणसाच्या हातून चूक होऊ नये अशी व्यवस्था लावल्याने?

त्या रविवारची पार्श्वभूमी पाहण्यासारखी आहे. पोलिओची देशव्यापी मोहीम मूळ १७ जानेवारीला ठरली होती. १६ जानेवारीला कोविडच्या लसीकरणाचा प्रारंभ झाला आणि त्यासाठी पोलिओचा दिवस दोन आठवडे पुढे ढकलण्यात आला. दोन्ही कामांना हात तेच. त्याआधीचे दहा महिने ह्याच हातांनी घरोघर सर्वेक्षण केले, ताप मोजले, विलगीकरणात ठेवलेल्या माणसांच्या याद्या केल्या. ह्याच दहा महिन्यांत प्रत्येक सरकारी टेबलावर सॅनिटायझरची बाटली आली. लसीच्या टेबलावर ही वस्तू पूर्वी कधी नव्हती. पोलिओ लसीची कुपी लहान असते, तिला थेंब सोडण्याची नळी असते, तिच्यावर नाव छापलेले असते, आणि तिच्यावर एक खूणही असते: वर्तुळात चौकोन. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तोवर लस वापरण्याजोगी. उष्णता लागून तो गडद होत वर्तुळाच्या रंगाला आला की लस बाद. ही खूण पाहिल्याखेरीज कुपी उचलायची नाही, अशी सवय ज्या हाताला लागली आहे त्या हातून सॅनिटायझरची बाटली उचलली जाणे जवळजवळ अशक्य आहे. म्हणजे त्या दिवशी ती खूण पाहिली गेली नाही. चूक अक्षम्य होती, यात शंका नाही. परंतु ती सवय का लागली नव्हती, किंवा लागलेली सवय त्या दिवशी का सुटली, याचे उत्तर निलंबनाच्या आदेशात सापडत नाही.

लसीकरणातील अपघात आणि त्याचा दोष कोणाच्या माथी मारायचा हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईत प्लेगचा कहर चालू असताना १८९७ च्या जानेवारीत डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील आपल्या प्रयोगशाळेत तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. पाच वर्षांनी, ३० ऑक्टोबर १९०२ रोजी, पंजाबातील मलकोवाल या खेड्यात ती लस शेकडाभर माणसांना टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून ज्यांना टोचले त्या १९ माणसांना धनुर्वात झाला आणि ती सर्व दगावली. सरकारने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला; लस लवकर व मोठ्या प्रमाणावर तयार व्हावी म्हणून पद्धत बदलली, तेथेच ती बिघडली, असा आरोप झाला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. पुढे तपशील बाहेर आला तो असा, की मलकोवालला ती बाटली उघडताना मदतनीसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्वालेवर न धरता नुसता औषधी पाण्यात बुचकळून वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये जाहीर पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली आणि त्यांच्यावरील कलंक पुसला गेला. ज्या प्रयोगशाळेवर दोष ठेवला होता तिलाच १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

मलकोवालला दोष वरच्या माणसावर ढकलला गेला, कापसी-कोपरीला तो खालच्या माणसांवर उतरला. दिशा उलट असली तरी रीत एकच. दोन्ही वेळा राज्यसंस्थेने एक चेहरा शोधला, तो लोकांसमोर धरला आणि मोहिमेच्या घाईकडे, अपुऱ्या शिक्षणाकडे, देखरेखीच्या अभावाकडे पाहण्याचे टाळले. एक चेहरा सापडला की व्यवस्थेला चेहरा द्यावा लागत नाही.

लस घेतल्यानंतर काही विपरीत घडले तर त्याची कारणे जागतिक आरोग्य संघटनेने पाच वर्गांत मांडली आहेत. लसीचा अंगभूत परिणाम, लसीच्या उत्पादनातील दोष, लस देण्यातील चूक, सुईच्या धास्तीने होणारा त्रास आणि निव्वळ योगायोग. यांपैकी तिसरा वर्ग हा संपूर्णपणे टाळता येण्याजोगा आहे, आणि तो टाळण्याची जागा प्रयोगशाळा किंवा मंत्रालय नसून उपकेंद्राचे टेबल आहे. म्हणून चौकशीत पुढील प्रश्न विचारले जाणे आवश्यक असते: बूथवर बसणाऱ्यांना त्या मोहिमेपूर्वी प्रत्यक्ष कुपी हातात देऊन शिकवले होते काय? पर्यवेक्षक त्या दिवशी किती बूथ पाहणार होता आणि कितव्या बूथवर पोहोचला? आधीचे सलग किती दिवस त्या स्त्रिया कामावर होत्या? एकीने कुपीवरचे नाव वाचायचे आणि दुसरीने ते ऐकून बोटाला शाई लावायची, एवढी साधी दुहेरी तपासणी कोणी घालून दिली होती काय? या प्रश्नांची उत्तरे मिळाली तर पुढच्या गावातील बालक वाचते. ती न मिळता नुसते निलंबन झाले तर पुढच्या गावातील सेविका एवढेच शिकते, की चूक झाली तर ती लपवावी. चूक लपवणारी आरोग्यव्यवस्था ही चूक करणाऱ्या आरोग्यव्यवस्थेपेक्षा अधिक घातक असते.

सत्राच्या दिवशी आरोग्यसेविकेला काय काय करावे लागते हे शहरातील सहानुभूतिदारांना ठाऊक असण्याची शक्यता कमी. प्राथमिक आरोग्य केंद्रातील शीतपेटीत लस २ ते ८ अंश तापमानात ठेवलेली असते. सकाळी ती चार बर्फाच्या पाकिटांसह लहान पेटीत भरून गावात पोहोचवायची. क्षयाची बीसीजी आणि गोवर-रुबेलाची लस भुकटीच्या रूपात असते. तिच्यासाठी दिलेल्या ठरावीक द्रवातच ती कालवायची, कुपीवर वेळ लिहायची आणि चार तासांनी उरलेली लस फेकून द्यायची, कारण त्यानंतर तिच्यात जंतू वाढले तर तीच विष ठरते. प्रत्येक बालकासाठी नवी सुई, प्रत्येक सुई वापरताच कापून वेगळी टाकायची. लस दिल्यावर आईला चार गोष्टी सांगायच्या: कोणती लस दिली व ती कशासाठी, ताप-सूज आली तर काय करावे, पुढची तारीख कोणती, आणि कार्ड जपून ठेवून येताना आणावे. त्यानंतर अर्धा तास बाळाला तेथेच थांबवून ठेवायचे. आणि हे सर्व करीत असताना नोंदवही भरायची, गरोदर स्त्रियांना धनुर्वाताची टोचणी द्यायची, वजने घ्यायची. अशा दिवशी बाहेर वीस-पंचवीस आया उभ्या असतील आणि आत एकच सेविका असेल, तर चारांपैकी किती गोष्टी सांगितल्या जातील? अर्ध्या तासाचा आग्रह कोण धरील?

याच टेबलावर आणखी एक कोंडी असते. गोवराच्या लसीच्या एका कुपीत पाच किंवा दहा बालकांपुरती लस असते, बीसीजीच्या कुपीत दहांपुरती. पोडावर नऊ महिन्यांचे बालक एकच असेल तर त्याच्यासाठी कुपी फोडायची की नाही? नियम सांगतो की एका बालकासाठीही फोडावी. परंतु महिनाअखेरीस वाया गेलेल्या लसीचा हिशेब जेथे कठोरपणे मागितला जातो आणि वाया गेलेल्या बालकाचा मागितला जात नाही, तेथे सेविकेच्या तोंडून ‘पुढच्या महिन्यात या’ हेच शब्द बाहेर पडणार. पुढच्या महिन्यात ती आई कापसाच्या शेतात असते.

वणीचा भूगोल ध्यानात घेतला म्हणजे हे सारे अधिक स्पष्ट होते. १९०५ पर्यंत या जिल्ह्यालाच वणीचे नाव होते. त्या वर्षी वऱ्हाडाची फेररचना झाली आणि जिल्हा यवतमाळचा म्हणून ओळखला जाऊ लागला. आज जिल्ह्याचे ठिकाण वणीपासून शंभर किलोमीटरांहून अधिक अंतरावर आहे आणि जिल्ह्याच्या या आग्नेय कोपऱ्यातून चंद्रपूर अधिक जवळचे. एका बाजूला वर्धा नदी आणि कोळशाच्या खाणी, दुसऱ्या बाजूला पैनगंगेपलीकडे तेलंगण. मध्ये कापूस-सोयाबीनचे शेतकरी, जिनिंगमधील मजूर, कोळशाच्या ट्रकांवरचे चालक, चुनाभट्ट्यांवरचे कामगार, बिऱ्हाड पाठीवर घेऊन आलेले परप्रांतीय. आणि मारेगाव, झरी-जामणीकडे सरकावे तशी कोलामांची पोडे. महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी कोलाम ही एक. पोड म्हणजे थोड्या घरांची, मुख्य गावापासून बाजूला वसलेली वस्ती.

सरकारी मापदंड असे, की सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगराळ वा आदिवासी प्रदेशात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र. आणि अनुक्रमे ३०,००० व २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. हे माप डोकी मोजते, वाट मोजत नाही. तीन हजार माणसे एका मोठ्या गावात राहत असतील तर एका सेविकेला ती पुरतील. तीच तीन हजार माणसे विखुरलेल्या पोडांत राहत असतील, आणि पावसाळ्यात नाल्याला पूर येऊन वाट बंद होत असेल, तर तेच माप कागदावर पूर्ण आणि जमिनीवर अपुरे ठरते. खाणीच्या भोवतालच्या तात्पुरत्या झोपड्या तर कोणाच्याच मापात बसत नाहीत. त्यांची नावे मतदारयादीत नाहीत, शिधापत्रिकेत नाहीत, आणि म्हणून पुष्कळदा लसीकरणाच्या यादीतही नाहीत. गोवराचा विषाणू मात्र रहिवासाचा दाखला मागत नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर लसीची किंमत आणि लस घेण्याची किंमत या दोन भिन्न गोष्टी आहेत. सरकारी लस फुकट असते. परंतु जन्मानंतर पहिली, मग सहा, दहा व चौदा आठवड्यांच्या आणि पुढे नऊ महिन्यांच्या, अशा पहिल्या वर्षातच पाच खेपा असतात. वेचणीच्या हंगामात कापूस वेचणाऱ्या स्त्रीला मजुरी किलोवर मिळते. सकाळी अकरा वाजता सत्रावर आलेली आई त्या दिवसाची निम्मी वा सगळी मजुरी गमावते. रात्री बाळाला ताप आला तर दुसऱ्या दिवसाचीही. म्हणजे फुकट लसीची किंमत तिच्यासाठी काही दिवसांची मजुरी आहे, आणि ती किंमत जिल्ह्याच्या कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. एखादी बाई सत्रावर आली नाही म्हणजे ती ‘अज्ञानी’ अथवा ‘उदासीन’ आहे असा शेरा मारला जातो. तिचा हिशेब पुष्कळदा शेरा मारणाऱ्यापेक्षा पक्का असतो. सत्राची वेळ कार्यालयाच्या सोयीने ठरते तोवर तिचा हिशेब बदलणार नाही.

याचे परिणाम आकड्यांत दिसतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १२ ते २३ महिने वयाच्या बालकांपैकी सुमारे ७३.५ टक्के बालकांचे लसीकरण पूर्ण झाले होते. देशाची सरासरी ७६.४ टक्के. आधीच्या पाहणीच्या तुलनेत ही मोठी प्रगती आहे आणि ती मान्य केली पाहिजे. पण ज्या राज्यात हाफकिनची संस्था आहे आणि जे राज्य देशाचे औद्योगिक नेतृत्व सांगते ते राष्ट्रीय सरासरीच्याही खाली असावे, आणि चारांतील एक बालक अपुऱ्या संरक्षणात राहावे, ही भूषणाची गोष्ट नाही. गोवराची साथ रोखायची तर शंभरांतील पंचाण्णव बालके तरी संरक्षित हवीत. ती नसली तर काय होते हे २०२२ च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडीत, भिवंडीत आणि मालेगावात दिसले. गोवराने तेथे बालकांचे बळी घेतले. ते दाट वस्तीच्या, हलत्या मजुरीच्या आणि तुटपुंज्या प्राथमिक आरोग्यसेवेच्या भागांत.

मोहिमांनी काहीच साधले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. देवीचा शेवटचा रुग्ण देशात १९७५ मध्ये आढळला आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये सापडला; २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. यामागे घरोघर हिंडणाऱ्या लक्षावधी सामान्य स्त्री-पुरुषांचे कष्ट आहेत. परंतु मोहीम आणि नित्याची सेवा यांत एक फरक आहे. मोहिमेला दिवस असतो, सेवेला वर्ष असते. मोहिमेत मंत्री बाळाच्या तोंडात थेंब सोडताना छायाचित्र निघते. दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी पोडावर चालत जाणाऱ्या सेविकेचे छायाचित्र कोणी काढत नाही. एकामागून एक मोहिमा आल्या की त्या सेविकेचे दिवस मोहिमांतच संपतात आणि १९७८ पासून उभारलेला, १९८५ मध्ये सार्वत्रिक झालेला नित्य लसीकरणाचा कार्यक्रम मागे पडतो.

१९७८ मध्येच अल्मा-आटाच्या परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जाहीरनामा काढला त्यात लसीकरणाला पिण्याचे पाणी, पोषण, माता-बालसंगोपन यांच्या शेजारी बसवले होते. त्यामागचा विचार महाराष्ट्राला परिचित आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडला तोच आचरला होता. गावातीलच, बहुधा निरक्षर, स्त्रीला आरोग्याचे शिक्षण द्यायचे आणि ते एकदाच देऊन न थांबता तिला पुन्हा पुन्हा बोलावून शिकवत राहायचे. जी बाई बाळंतपणात जवळ होती, जिने जुलाबात पाणी पाजायला शिकवले, तिने ‘लस टोचून घे’ म्हटले तर ऐकले जाते. वर्षातून एकदा पांढरी गाडी घेऊन येणाऱ्याने म्हटले तर दार लावले जाते. विश्वास ही लसीबरोबर पेटीत भरून आणण्याची वस्तू नाही. ती वर्षभर गावात साठवावी लागते.

हे काम बाजारावर सोडून भागेल, असा सल्ला देणारेही आहेत. त्यांनी २०२१ चा अनुभव आठवावा. १ मेपासून कोविडच्या लसीला तीन दर लागले: कोविशिल्डची एक मात्रा केंद्राला १५० रुपये, राज्यांना ३००, खाजगी रुग्णालयांना ६००. तरुणांसाठीचे हे धोरण सर्वोच्च न्यायालयाला सकृद्दर्शनी मनमानी आणि तर्कहीन वाटले, तेव्हा ते जूनमध्ये बदलावे लागले. तरीही चतुर्थांश लस खाजगी रुग्णालयांसाठी राखून ठेवण्यात आली. पोडावर ना खाजगी रुग्णालय होते, ना नोंदणीसाठी लागणारा स्मार्टफोन. लसीचा लाभ घेणाऱ्यापुरता राहत नाही, तो शेजाऱ्यापर्यंत पोहोचतो. आणि ज्या वस्तूचा लाभ शेजाऱ्यालाही होतो ती बाजार कधीच पुरेशी पुरवत नाही. बालकांच्या लसीच्या बाबतीत जनतेने याचा निर्णय कधीच दिला आहे. त्याच कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातील ९४.५ टक्के बालकांना बहुतेक लसी सरकारी केंद्रांतच मिळाल्या.

म्हणजे भार सरकारी केंद्रावर आहे. आणि सरकारी केंद्राचा भार कोणावर आहे? आशा ही २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेली ‘स्वयंसेविका’. पाच खेपांचे पहिल्या वर्षाचे लसीकरण पूर्ण करवून आणल्याबद्दल तिचा मोबदला वर्षानुवर्षे १०० रुपये राहिला; खेपेला वीस रुपये. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील सुमारे सत्तर हजार आशांना साथीच्या ऐन धामधुमीत संपावर जावे लागले. पुढच्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. अंगणवाडी सेविका १९७५ पासून राबते आहे. तिला उपदानाचा हक्क आहे हे सांगायला एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. या स्त्रियांना पगार मागताना सांगितले जाते की त्या कर्मचारी नाहीत. चूक झाली की मात्र कर्मचाऱ्याचे सर्व नियम त्यांना लागू होतात. जबाबदारी हवी असेल तर आधी नेमणूक हवी, शिक्षण हवे, विश्रांती हवी.

हे सर्व सरकारला सुनावून झाल्यावर पक्षाने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. निलंबनाविरुद्ध निवेदन देणे सोपे आहे, आणि निलंबनाची मागणी करणे त्याहून सोपे. सत्राच्या दिवशी उपकेंद्रावर किती कार्यकर्ते जातात? आपल्या वॉर्डात, आपल्या पोडावर नऊ महिन्यांची बालके किती, हे तालुक्याच्या किती पदाधिकाऱ्यांना सांगता येईल? याहून गंभीर गोष्ट अशी, की सरकारला झोडपण्याच्या भरात लसीविषयीच्याच संशयाला खतपाणी घालण्याचा मोह विरोधी पक्षांना होतो. बारा बालकांना सॅनिटायझर पाजले गेले, या वाक्याचे गावात पोहोचेपर्यंत ‘डोसाने बारा बालके आजारी पडली’ असे रूपांतर होते. त्या दिवशी लस दिली गेलीच नव्हती, दोष लसीचा नव्हताच, हे ठासून सांगणे हे विरोधी कार्यकर्त्याचेही कर्तव्य आहे. सरकारवरचा राग लसीवर काढला तर त्याची किंमत सरकारला नव्हे, गरिबाच्या मुलाला मोजावी लागते.

तेव्हा वणी, मारेगाव आणि झरी-जामणीतील कार्यकर्त्यांनी हाती घ्यावयाच्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक अपघाताच्या चौकशीचा अहवाल त्या गावच्या ग्रामसभेत वाचला जावा. प्रत्येक मोहिमेपूर्वी बूथवरील प्रत्येक व्यक्तीला प्रत्यक्ष शिक्षण मिळावे, टेबलावर लसीखेरीज दुसरी बाटली असू नये, आणि कुपीवरचे नाव मोठ्याने वाचण्याची पद्धत सक्तीची व्हावी. हंगामात सत्रे सायंकाळी किंवा मजुरीच्या सुटीच्या दिवशी भरावीत. एका बालकासाठी कुपी फोडणाऱ्या सेविकेला जाब विचारला जाऊ नये. खाणीतील कंत्राटदार, भट्टीमालक आणि जिनिंगचे मालक यांनी लसीकरणाच्या दिवशी आईला अर्ध्या दिवसाची भरपगारी रजा द्यावी. उपकेंद्राचे माप ठरवताना डोक्यांबरोबर अंतरही मोजले जावे. आरोग्यसेविकांची रिक्त पदे भरावीत आणि आशांना कर्मचाऱ्याचा दर्जा मिळावा.

यांतील शेवटच्या मागण्यांसाठी मुंबईशी झगडावे लागेल. पहिल्या तीन-चार मागण्यांसाठी तालुक्याच्या गावापलीकडे जाण्याची गरज नाही. आणि एका गोष्टीसाठी तर कोणाकडेच मागणी करावी लागत नाही. पुढच्या सत्राच्या दिवशी प्रत्येक शाखेच्या दोन कार्यकर्त्यांनी आपल्या उपकेंद्रावर जावे. आयांना सावलीत बसवावे, यादीतील न आलेल्या बालकांच्या घरी निरोप न्यावा, लस घेतलेल्यांना अर्धा तास थांबवावे, सेविकेला निवांतपणे कुपी पाहता येईल एवढी मोकळीक मिळवून द्यावी. सोबत झेंडा किंवा छायाचित्रकार नेऊ नये. कापसी-कोपरीच्या त्या टेबलाशी असे दोन जण उभे असते आणि त्यांतील एकाने ‘बाई, बाटलीवर काय लिहिले आहे ते एकदा वाचा’ एवढेच म्हटले असते, तर बारा घरांतील त्या रात्रीची झोप उडाली नसती.